निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी

गाण्यात पुढे जायचं तर शाळा सोडावी का, असं आपल्या शाळेतली काही मुलं हल्ली गिटारच्या वर्गात विचारतात. महोत्सवी अंकात अमेरिकेतल्या एका कंट्री (तिथल्या ग्रामीण लोकगीतांतून आलेल्या संगीताच्या) गायिकेबद्दल लिहिण्याचं कारण तेवढंच. डॉली पार्टन म्हटलं की लोकांना विग आणि चमचमते कपडे आठवतात. माझ्या लेखी तिचं मोठेपण तिच्या गाण्यांत आहे आणि त्या गाण्यांचे हक्क तिने ज्या हुशारीने सांभाळले, त्यात आहे.

तिचा जन्म 19 जानेवारी 1946 चा, टेनेसी राज्याच्या सेव्हिअर काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). एका खोलीचं लाकडी घर, बारा भावंडं, त्यात ही चौथी. वडील वाट्याने शेती करायचे, तंबाखू पिकवायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांची फी त्यांनी मक्याच्या पिठाचं पोतं देऊन भागवली. गाणं आलं आईच्या तोंडच्या जुन्या लोकगीतांतून आणि आजोबांच्या चर्चमधून. पहिली गिटार तिने स्वतःच जुळवली: जुनं मँडोलिन, त्यावर बेस गिटारच्या दोन तारा. आठव्या वर्षी बिल ओवेन्स या मामांनी खरी मार्टिन गिटार हातात दिली. दहाव्या वर्षापासून ती नॉक्सव्हिलच्या कॅस वॉकर यांच्या कार्यक्रमात गाऊ लागली. तेराव्या वर्षी पहिली रेकॉर्ड झाली आणि ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलमधल्या नावाजलेल्या कंट्री कार्यक्रमाच्या मंचावरही ती उभी राहिली. तिथे तिची ओळख करून दिली नामवंत गायक जॉनी कॅश यांनी.

एवढं झाल्यावरही तिने शाळा सोडली नाही. शाळेच्या बँडमध्ये स्नेअर ड्रम वाजवत ती 1964 मध्ये उत्तीर्ण झाली. घरात तिथवर शिकलेली ती पहिलीच. निरोप समारंभात प्रत्येकाने पुढे काय करणार ते सांगायचं होतं. 'नॅशव्हिलला जाऊन स्टार होणार,' असं ती म्हणाली आणि सगळे हसले. दुसऱ्याच दिवशी तिने कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलची बस धरली.

पुढची तीन वर्षं नवोदितांनी नीट वाचावीत. मोन्युमेंट या रेकॉर्ड कंपनीने तिच्याशी करार केला, पण हा उंच, बारीक आवाज कंट्रीला चालणार नाही असं धरून तिच्याकडून पॉप गाऊन घेतलं. ते चाललं नाही. त्या काळात पोट भरलं ते लिहिण्यावर. मामांबरोबर लिहिलेलं एक गाणं बिल फिलिप्स यांनी 1966 मध्ये गायलं आणि ते लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेलं. मागे साथीचा आवाज डॉलीचाच होता. तो ऐकून लोक विचारू लागले, ही कोण? तेव्हा कुठे कंपनीने तिला कंट्री गाऊ दिलं. 1967 मध्ये कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या टीव्ही कार्यक्रमात तिला जागा मिळाली, पण सुरुवातीला प्रेक्षक आधीच्या गायिकेच्याच नावाने ओरडायचे. वॅगनर यांनी स्वतःबरोबर द्वंद्वगीतं गाऊन तिला लोकांच्या कानांत बसवलं. एकटीच्या गाण्याला पहिला क्रमांक मिळाला तो थेट 1971 मध्ये.

त्याच वर्षी तिचं चिंध्यांच्या कोटाचं गाणं आलं. आईने तुकडे जोडून शिवलेला कोट, तो घालून मुलगी अभिमानाने शाळेत जाते आणि वर्गातली पोरं हसतात. दौऱ्याच्या बसमध्ये कागद सापडेना, म्हणून वॅगनर यांच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीमागे तिने ते लिहून काढलं. मला तिचं हेच गाणं सर्वांत मोठं वाटतं.

आता हक्कांबद्दल. गाणं वाजलं की लेखनाच्या मानधनाचे साधारण दोन भाग पडतात: निम्मा गीतकार-संगीतकाराचा, निम्मा प्रकाशकाचा. नवखे लोक दुसरा भाग घाईत सही करून देऊन टाकतात आणि तिथेच फसतात. डॉलीने मामांबरोबर 1966 मध्येच स्वतःची प्रकाशन संस्था काढली होती. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे तिचं गाणं 1974 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तेव्हाचे बडे गायक एल्व्हिस प्रेस्ली ते गाणार असं ठरलं. पण त्यांचे व्यवस्थापक कर्नल पार्कर यांनी अट घातली: प्रकाशनाचा निम्मा हक्क द्या. ती रात्रभर रडली, पण नाहीच म्हणाली. 1992 मध्ये गायिका व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं जगभर नेलं, तेव्हा हक्क डॉलीकडेच होते.

वाजवून पाहणाऱ्यांसाठी एक: तिच्या 'जोलीन' या गाण्याला गिटारच्या चौथ्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावा आणि ए मायनर, सी, जी या कॉर्डचे आकार धरा. अंगठ्याने खालच्या स्वरांचा ठेका एकसारखा चालू ठेवायचा, बोटांनी वरच्या तारा छेडायच्या. बहुतेकांचं चुकतं ते अंगठ्यात. गाताना तो शब्दांबरोबर थांबतो आणि गाण्याची सगळी घालमेल निघून जाते. आधी आठवडाभर न गाता नुसता अंगठा बसवा.

प्रसिद्धीनंतर ती आपल्या काउंटीतल्या शाळांकडे वळली. सातवी-आठवीच्या मुलांनी जोड्या लावायच्या, दोघांनीही शाळा पूर्ण केली तर प्रत्येकाला 500 डॉलर. त्या दोन वर्गांतली गळती 35 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आली. 1995 मध्ये तिने वडिलांच्या निरक्षरतेची आठवण ठेवून काउंटीतल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला दरमहा एक पुस्तक टपालाने पाठवायला सुरुवात केली. आज ही योजना अमेरिकेबाहेर कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियातही चालते.