जांबोटीच्या पावसात, शेवटच्या बाकावर

कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्या कन्नड होतात आणि माणसं मराठीच बोलत राहतात. माझं आजोळ बेळगावचं, त्यामुळे निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, काकती हा रस्ता लहानपणापासून पाठ आहे. यंदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात निघाले ती मामा-मामीला भेटायला. मामा सत्तरीला आलाय. एके काळी तो कॅथलिक फादर होता.

संकेश्वरला एक लिंगायत आजोबा शेजारी येऊन बसले. माझ्या गळ्यातला क्रूस पाहून थोड्या वेळानं त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्यात फादरांनी लग्न करायचंच नाही, खरं काय?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आमच्यात दोन्ही आहेत की. मठाचे स्वामी विरक्त, त्यांना संसार नाही. घरी पूजेला येणारे अय्या संसारी. त्यांना बायकापोरं असतात, आणि आम्ही पाया दोघांच्याही पडतो. तुमच्यात एकच वाट का?"

बेळगाव येईपर्यंत मला या प्रश्नानं सोडलं नाही. खरं तर आमच्यातही वाट एकच नाही. रोमशी एकरूप असलेल्या पूर्वेकडच्या अनेक चर्चेसमध्ये, उदाहरणार्थ युक्रेनच्या ग्रीक-कॅथलिकांत, लग्न झालेल्या पुरुषाला गुरुदीक्षा मिळते. बिशप मात्र अविवाहितांतूनच निवडतात. अँग्लिकन चर्चमधून आलेल्या काही विवाहित पाळकांनाही रोमनं याजक म्हणून स्वीकारलं आहे. आणि येशूचा शिष्य पेत्र, त्याला सासू होती. येशूनं तिचा ताप उतरवला ही गोष्ट आम्ही दरवर्षी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ऐकतो. सासू होती म्हणजे बायको होतीच ना!

जांबोटीच्या गाडीला वेळ होता म्हणून कॅम्पात फिरले. फातिमा मातेच्या कॅथेड्रलमध्ये थोडा वेळ बसले. बेळगाव धर्मप्रांत 1953 मध्ये स्थापन झाला, आणि कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा चार भाषांत इथं प्रार्थना चालते. तिथून 1869 च्या दगडी सेंट मेरीज चर्चवरून पुढं गेले. वाटेत एका प्रोटेस्टंट पाळकांचं घर लागलं. पडवीत दोरीवर पांढऱ्या झग्याशेजारी शाळकरी मुलीचा गणवेश वाळत होता, बाहीवर शाईचा डाग तसाच. किती साधी गोष्ट, पण माझ्यासारख्या कॅथलिक घरात वाढलेल्या बाईला तिथून पटकन पाय काढवेना.

फादरांनी लग्न करायचं नाही हा नियम आकाशातून पडलेला नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एल्विराच्या परिषदेनं धर्मगुरूंनी पत्नीपासून दूर राहावं असं ठरवलं, तरी पुढची कित्येक शतकं गावोगावचे याजक संसारी होते. चर्चची जमीन-जुमला त्यांच्या पोरांच्या नावे जाईल ही भीतीही त्या काळच्या वादात होती. 1139 च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनं याजकाचं लग्न हे लग्नच नव्हे असं ठरवलं, आणि 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं ते पुन्हा पक्कं केलं.

आपल्याकडची गोष्ट तर आणखी जवळची आहे. केरळच्या संत थोमाच्या ख्रिस्ती समाजात धर्मगुरू पिढ्यान्‌पिढ्या लग्न करत होते. 1599 च्या जून महिन्यात गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस उदयंपेरूरला गेले, तिथं धर्मसभा भरवली आणि विवाहित धर्मगुरूंनी बायकांपासून वेगळं व्हावं असा हुकूम काढला. चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणजे हा हुकूम आमच्या शेजारच्या गादीवरून गेला. त्या बायकांचं पुढं काय झालं? त्यांची नावंसुद्धा आपल्यापर्यंत आलेली नाहीत. परंपरा, परंपरा म्हणून कुणी आवाज चढवला की मला आधी त्या बाया आठवतात. त्यांच्या घरचीही परंपराच होती ती.

जांबोटीच्या पुढं पाऊस असा की गाडीची काच पुसून उपयोग नाही. मलप्रभा उगवते ती इथल्याच कणकुंबीला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल पाणी, मधूनच काजूची बाग, डोक्यावरून खोळ घेतलेली बाई आणि तिच्यामागं दोन म्हशी. मामी फाट्यावर छत्री घेऊन उभी होती. "भिजलीस की ग बाय," म्हणाली आणि छत्री सगळी माझ्याकडंच कलती केली.

मामानं गुरुपद सोडलं तेव्हा तो पस्तिशीचा होता. विधिवत मोकळीक फक्त पोपच देऊ शकतात, आणि चाळिशीच्या आत ती सहसा मिळत नसे. तो थांबला. कोल्हापुरात आमच्या घरी राहून शिकवण्या घेत थांबला, मामीही थांबली. रोमहून कागद आला तेव्हा मी दहावीत होते. लॅटिनमधला तो कागद मामानंच आम्हाला वाचून दाखवला. लग्न गाजावाजा न करता करावं. ज्या गावांत आपल्याला फादर म्हणून ओळखतात तिथं शक्यतो राहू नये. प्रवचन करू नये. मिस्सात दिव्य भोजन वाटू नये. चर्चमध्ये चौघं साक्षीला, ना बँड, ना जेवण. नंतर दोघं मामीच्या माहेरी, या गावात येऊन राहिली. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पहिली दोन-तीन वर्षं विहिरीवर मामी आली की बायका घागरी उचलून निघून जात. फादरला फूस लावणारी, हे तिचं नाव पडलं होतं. मामाला कुणी काही बोललं नाही, सगळं तिच्या वाट्याला.

त्या बायकांतली एक आजी शेजारीच राहते. संध्याकाळी मी तिच्याकडं जाऊन बसले, कारण 2019 सालचं मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा ओढ्यावरचा पूल पाण्याखाली होता आणि तिचा नवरा शेवटच्या घटका मोजत होता. फादर पलीकडच्या गावात अडकलेले. रात्री मुलगा कंदील घेऊन मामाच्या दारात आला. चर्चच्या कायद्यात याची सोय आहे: पद सोडलेला याजकसुद्धा मरणाच्या दारातल्या माणसाचा पापकबुलीजबाब ऐकून त्याला क्षमा देऊ शकतो. एकदा मिळालेली गुरुदीक्षा पुसली जात नाही, फक्त ती वापरायची मुभा काढून घेतात. मामा गेला. गळ्यात स्टोला, म्हणजे याजकाचा पट्टा, नाही, हातात पवित्र तेल नाही, अंगात भिजका शर्ट. सगळ्यांना बाहेर बसवलं, दार लोटून घेतलं.

"अर्धा तास आत हुता," आजी म्हणाली. "बाहेर आला तर तुझ्या मामाचे हात थरथरायलेले. आमच्या ह्यांचं तोंड मात्र शांत झालतं."

मी विचारलं, "आजी, मग फादरांनी लग्न करावं का?"

"नको ग बाय," ती लगेच म्हणाली. "संसारी माणूस आधी आपल्या पोरांचं बघणार. माझी धाकटी तापानं फणफणली तवा फादर तीन रात्री इथं बसलेत. बायको असती तर सोडली असती काय तिनं?" मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "खरं त्या रात्री मामीनंच त्याला पाठवलं. बॅटरी घेऊन ती बी आलेली. बाहेर पावसात उभी."

आजीचं पहिलं म्हणणं मी टाकून देणार नाही. ब्रह्मचर्यानं काय मिळतं हे मी पाहिलेलं आहे. ज्यांनी ते मनापासून पाळलं अशा फादरांच्या हातून माझा बाप्तिस्मा झाला, आणि सगळं गाव त्यांचं घर होतं. पोप पॉल सहावे यांनी 1967 च्या परिपत्रकात ब्रह्मचर्याचं मोल सांगितलं ते मला मान्य आहे. शुभमंगल सावधान ऐकून बोहल्यावरून निघून गेलेले समर्थ आपल्याला पटतात, तसे संसार सांभाळणारे एकनाथही पटतात. माझं म्हणणं एवढंच: ब्रह्मचर्य हे देणं आहे तर ते मागून घेणाऱ्याला मिळू दे, गुरुदीक्षेच्या दाराला कुलूप म्हणून ते लावू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 मध्येच म्हटलं आहे की याजकपदाच्या स्वरूपालाच ब्रह्मचर्याची गरज नाही. लॅटिन चर्चसाठी, म्हणजे पश्चिमेकडच्या कॅथलिक परंपरेसाठी, नियम मात्र तोच ठेवला.

त्याच 2019 च्या ऑक्टोबरात, पुरानंतर दोनच महिन्यांनी, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यासाठी रोममध्ये बिशपांची सभा भरली होती. तिथल्या वस्त्यांना महिनोन्‌महिने मिस्सा मिळत नाही, म्हणून त्यांच्यातल्याच प्रौढ, विवाहित उपयाजकांना (याजकाच्या एक पायरी खालच्या सेवकांना) गुरुदीक्षा द्यावी का, यावर मतदान झालं. 128 बाजूनं, 41 विरुद्ध. मामा रोज रात्री रेडिओ आणि मोबाइल घेऊन बसायचा, मला फोन करायचा. फेब्रुवारी 2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांचं पत्र आलं आणि त्यात या विषयाचा उल्लेखच नव्हता. मामा फोनवर फक्त म्हणाला, "पावसाळ्याआधी कौलं परतायला हवीत." पुढं 2023 मध्ये याच पोपनी एका मुलाखतीत ब्रह्मचर्याचा नियम तात्पुरता आहे, कायमचा नाही, असं सांगितलं. बदलला मात्र नाही. बदलायचा तर पाळकाच्या घरखर्चाचं, पोरांच्या फीचं, बदली झाली तर बायकोच्या नोकरीचं सगळं नव्यानं उभं करावं लागेल, हे मला कळतं. पण दोरीवर वाळणाऱ्या गणवेशाची सोय जगात कुठंच कुणी केली नाही, असं थोडंच आहे?

रविवारी मिस्सा साडेनऊला होती. फादरांना आधी दोन गावं करून यायचं होतं. साडेनऊ झाले, दहा झाले. कौलांवर पाऊस इतका की रोझरी म्हणणाऱ्यांचे आवाज एकमेकांना ऐकू येईनात. माणसं मागं वळून शेवटच्या बाकाकडं बघायची आणि परत पुढं बघायची. तिथं मामा बसलेला, हातात टोपी. चर्चमध्ये त्या घडीला मिस्साचा प्रत्येक शब्द पाठ असलेला एकच माणूस होता आणि त्याला जागेवरून उठायची परवानगी नव्हती. मामी त्याच्याजवळ, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन.

सव्वा अकराला फादर आले. तरुण, पस्तिशीचे असतील, मोटारसायकल वाटेत बंद पडून ढकलत आणलेली, बूट चिखलानं भरलेले. दारातच मामानं उठून त्यांच्या अंगावरचा रेनकोट काढून घेतला आणि खुंटीला अडकवला. मामीनं पिशवीतून कोरडा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. फादरांनी डोकं पुसलं, टॉवेल परत दिला आणि लगबगीनं आत गेले. मामीनं तो घडी घालून पिशवीत ठेवला. पहिल्या गीताला सगळे उभे राहिले.