चौघं आणि एक मोगरा

आमच्या घरातली सगळ्यात सुरक्षित जागा कुठली हे गुंड्याने फार आधीच ठरवून टाकलं होतं. बाथरूम. वरच्या मजल्यावर कुणी ड्रिल मशीन लावलं की बाथरूम, फटाका वाजला की बाथरूम, आभाळात नुसतं गुरगुरलं तरी बाथरूम. कमोड आणि भिंत यांच्या मधल्या फटीत हे एवढं कुत्र्याचं धूड असं काही घुसून बसतं की बाहेर काढायचं तर आधी बादली हलवावी लागते, मग ब्रश, मग स्वतःला आडवं करून त्याचे पुढचे पाय धरावे लागतात. आम्ही हसायचो त्याला. भित्रा म्हणायचो. आई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की चोर आला तर आमचा वाघ बाथरूममध्ये सापडेल.

मग ते वादळ आलं. म्हणजे येणार येणार म्हणून चार दिवस मोबाईलवर नुसते अलर्ट वाजत होते, नकाशावर ती पांढरी भिंगरी रोज थोडी पुढे सरकत होती, आणि समुद्र आमच्यापासून काही फार लांब नाही. शेवटच्या दिवशी सूचना आल्या त्या आईने चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवल्या. खिडक्यांपासून लांब रहा, घराच्या आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या लहान खोलीत बसा. आता आमच्या घरात अशी खोली कुठली? हॉलला मोठी स्लायडिंग, दोन्ही बेडरूमना खिडक्या, किचनला बाल्कनी. आई वाचता वाचता थांबली, चष्म्यावरून आधी बाथरूमकडे बघितलं आणि मग गुंड्याकडे. गुंड्याने शेपटी एकदाच हलवली.

मी लगेच म्हणणार नाही की त्याला सहावं इंद्रिय आहे वगैरे. जो कुत्रा मिक्सरलाही घाबरतो त्याच्या इंद्रियांवर किती विश्वास ठेवायचा. पण त्याच्या कानांचं मात्र मान्य करावं लागतं, आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास आणि मांजराला त्याहूनही वरचं. म्हणजे खिडकीच्या फटीतून वारा शिरताना आपल्याला नुसती शीळ ऐकू येते तेव्हा यांच्या कानात काय चाललं असेल कोण जाणे. हवेचा दाब पडतो तेही त्यांना आधी कळतं असं बरेच जण म्हणतात. माझ्या फोनमध्ये दाब मोजायचा सेन्सर आहे हे मला त्या दिवशीच कळलं. एरवी १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो तो आकडा, दुपारपासून हळूहळू उतरायला लागला, आणि मी दर दहा मिनिटांनी तो बघत बसले. त्यातून करायचं काहीच नव्हतं. गुंड्या निदान थरथरून मोकळा होत होता.

आता ठकी. ठकी ही आमची मांजर, आणि तिचं सगळं वेगळंच. तिच्या मते सुरक्षित जागा म्हणजे आम्हाला माहीत नसलेली जागा. त्यात बास्केट म्हणजे तिची जन्मोजन्मीची वैरीण, कारण ती माळ्यावरून खाली आली की व्हेटकडे जायचं असतं एवढा हिशोब तिने पहिल्याच वर्षी करून ठेवलाय. व्हेटने मला दहा वेळा सांगितलं होतं की बास्केट वर्षभर खाली उघडी ठेवा, आत तिची चादर टाका, तिला तिथे झोपायची सवय लागू दे, मग वेळ आली की काही करावं लागत नाही. मी दहाही वेळा मान हलवली होती. तर वादळाच्या दिवशी दुपारी मी माळ्यावर चढले, बास्केटचं दार किंचित करकरलं, आणि खाली येऊन बघते तर ठकी गायब.

सापडली दिवाणाच्या आत, गाद्यांच्या मागे, दोन हिरवे दिवे लागल्यासारखी. पाऊण तास गेला तिला काढण्यात. जड टॉवेल टाकून पायांसकट गुंडाळायचं, बास्केट आडवी न ठेवता उभी करायची म्हणजे दार वर येतं, आणि मागच्या पायांकडून आत सोडायचं, कारण तोंडाकडून घालायला गेलात तर मांजराला अचानक आठ पाय फुटतात आणि आठही दाराच्या कडांना लावलेले असतात. बास्केटच नसेल तर उशीचा अभ्रा वापरतात म्हणे अडीअडचणीला. मला हे नंतर कळलं, आणि ठकीला अभ्र्यात घालणारा माणूस मला एकदा बघायचाय.

मधल्या वेळात मी निवाऱ्याला फोन केला होता, की समजा घर सोडायची वेळ आली तर. तिकडून विचारलं किती माणसं, मी म्हटलं दोन, आणि एक कुत्रा आणि एक मांजर. पलीकडे शांतता. मग परत, "मॅडम, माणसं सांगा." चूक त्या माणसाची नाही, त्याच्या कागदावर तेवढाच रकाना असणार. पण फोन ठेवल्यावर आई शांतपणे म्हणाली, "मग मी नाही येत. तू जा." आणि मला एकदम २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळाबद्दल वाचलेलं आठवलं. अमेरिकेत तेव्हा कितीतरी लोक घर सोडून निघालेच नाहीत कारण निवाऱ्यात जनावर घेत नव्हते, आणि पुढच्या वर्षी तिथे कायदाच करावा लागला की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे. वाचताना वाटलं होतं काय हट्टी लोक. आता माझ्याच घरात एक हट्टी बाई सोफ्यावर बसून मोज्याला टाके घालत होती.

तर निघायचं नाही असं ठरलं, म्हणजे आईने ठरवलं. नशिबाने आमची इमारत पक्की, मजला दुसरा, पाणी चढायची भीती नव्हती आणि घर सोडा असा आदेशही नव्हता. तो आला असता तर तिला टॉवेलमध्ये गुंडाळून मागच्या पायांकडून गाडीत घातलं असतं. समोरच्या इमारतीत सगळे खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीची फुली मारत बसले होते. त्याने काच वाचत नाही, फुटली की उलट मोठे तुकडे उडतात, पण हाताला काम मिळतं हे खरं. आम्ही त्याऐवजी बाल्कनी रिकामी केली, कारण अशा वाऱ्यात कुंडी ही कुंडी राहत नाही, तोफगोळा होते. खुर्च्या, फडके वाळत घालायचा स्टँड, बारा कुंड्या. अकरा किचनमध्ये गेल्या. बारावी म्हणजे आईचा मोगरा, तो किचनमध्ये कशाला तरी लागेल, कुणी तरी पाय मारेल, म्हणून थेट बाथरूममध्ये, आमच्यासोबत. त्या मोगऱ्याला मी कधी पाणी घातलेलं आईला चालत नाही. मी जास्त घालते म्हणे.

दोघांचे माझ्यासोबतचे फोटो काढले, म्हणजे हरवलेच तर आमचेच आहेत हे दाखवता येतं. गुंड्याच्या मानेत चिप आहे तांदळाच्या दाण्याएवढी, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण चिप काही पत्ता ओरडून सांगत नाही की नकाशावर टिंब दाखवत नाही, रीडर फिरवला की नुसता एक नंबर दिसतो, त्या नंबरापुढे आपला फोन नोंदवलेला असतो. ती नोंद उघडून बघितली तर माझा जुना नंबर, चार वर्षांपूर्वी बंद केलेला. शेवटी मार्करने गळपट्ट्यावरच नवा नंबर लिहिला, मोठ्ठा.

संध्याकाळी पहिली वीज चमकली तेव्हा मी सवयीने गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजले. तीन सेकंदांना एक किलोमीटर. नऊ आले. गुंड्या केव्हाच फटीत गेला होता, लाळ गळत होती, आणि धाप अशी लागलेली की जणू पाच मजले चढून आलाय. मी शेजारी बसून पाठीवर हात फिरवायला लागले तर आई म्हणाली, "अगं नको, अशाने ते जास्त घाबरट होतं." हा आमचा जुना वाद. पूर्वी सगळे असंच सांगायचे, की घाबरल्यावर कुरवाळलं तर भीतीला शाबासकी दिल्यासारखं होतं. पण भीती म्हणजे काही कुरवाळून घ्यायची युक्ती नाही की खाऊ दिल्यावर परत परत करेल. त्याला जवळ यायचं असेल तर येऊ द्यावं, नको असेल तर ओढू नये, बस. आणि आपल्या गोळ्या मात्र अजिबात द्यायच्या नाहीत, मांजराच्या बाबतीत तर साधी पॅरासिटामॉलही विष आहे. हे सगळं मी आईला जोरजोरात सांगत होते कारण तोवर वारा एवढा घोंघावत होता की हळू बोलून ऐकूच येईना.

दहाच्या सुमाराला लाईट गेले. बाथरूममध्ये आम्ही चौघं. आई उलट्या बादलीवर, मी पायपुसण्यावर, ठकी बास्केटमध्ये, बास्केटवर चादर, आत अंधार झाल्यावर ती एकदम गप्प झाली आणि थोड्या वेळाने चक्क घोरायला लागली. मधे मोगरा. टॉर्च छताकडे करून ठेवलेला, त्यामुळे मोगऱ्याची सावली भिंतीवर झाडाएवढी. शेजारच्या काकांचा मेसेज आला की फिशटँकचा पंप बंद पडलाय. मासे लगेच मरत नाहीत, पण गर्दीच्या टँकमध्ये ऑक्सिजन उतरत जातो, मग ते वर येऊन तोंडं उघडायला लागतात. काका म्हणाले मी मगाने पाणी काढून उंचावरून परत ओततोय, तेवढीच हवा मिसळते. पहाटेपर्यंत ते तेच करत होते. मधे मधे आम्हाला मेसेज, "अजून सगळे आहेत."

बारा वाजले आणि लक्षात आलं की गुंड्याने दुपारी तीननंतर शू केलेली नाही.

आता गंमत बघा. कुत्रा बाथरूममध्येच बसलाय. समोर जाळी, खाली फरशी, धुवायला पाणी. घरात शू केली की आपण ओरडतो हे त्याला पिल्लू असताना इतकं मनापासून शिकवलेलं की तो आता मरेल पण करणार नाही. मी वर्तमानपत्र अंथरलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अश्लील बोलले. मी जाळीवर मगाने पाणी ओतून आवाज करून दाखवला. त्या आवाजाने फक्त आम्हालाच जायची गरज लागली. आईने जाळीकडे बोट दाखवून "शू शू, शू शू" केलं, लहान मुलाला करतात तसं. तो तिरका होऊन दाराकडे बघत बारीक आवाजात कुंईकुंई करायला लागला.

आणि बरोब्बर तेव्हा वारा थांबला. एकदम. कानाला दडे बसल्यासारखी शांतता. गुंड्या उठला आणि थेट मेन दाराशी, लीशकडे तोंड करून. आई म्हणाली, "जा पटकन, खाली नेऊन आण." मी चप्पल घातली सुद्धा. मग फोनवर नकाशा बघितला तर आम्ही त्या भिंगरीच्या मधल्या टिंबात. हाच तो वादळाचा डोळा, मधला शांत भाग. साधारण ३० ते ६० किलोमीटर रुंद असतो, नेमका मध्यावर आलात तर तास-दोन तास मिळतील, पण कडेवर असलात तर काही मिनिटंच, आणि मग वारा परत येतो तो उलट्या दिशेने, तेवढ्याच जोराने. खाली तुटलेल्या तारा असतील, काचा असतील, अंधारात काय दिसणार. चप्पल काढली. गुंड्याचं तोंड मला अजून आठवतंय, विश्वासघात झालेल्या माणसाचं.

ओढत परत बाथरूममध्ये आणला, दार लावलं. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, दुसऱ्या बाजूने जो काही दणका बसला की व्हेंटिलेटरच्या पट्ट्या थडथड वाजायला लागल्या. गुंड्या फटीत जायला वळला आणि वळता वळता त्याचं नाक मोगऱ्याच्या कुंडीला लागलं. थांबला. माती हुंगली. परत हुंगली. मग आईकडे बघितलं.

आईने एक क्षण डोळे मिटले. "कर रे बाळा," ती म्हणाली, "कर."

नऊ तासांचं होतं ते. संपेचना. आई भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि मी हसू दाबायला टॉवेल तोंडात कोंबलेला. झाल्यावर गुंड्याने नीट अंग झाडलं, आईच्या पायावर हनुवटी ठेवली आणि वादळ ऐन भरात असताना झोपला.

सकाळी बाहेर झाडं आडवी, रस्त्यावर पत्रे. ठकीला दोन दिवस घराबाहेर सोडलं नाही आणि गुंड्याला आठवडाभर लीशशिवाय नेलं नाही, कारण ओळखीचे सगळे वास धुऊन गेलेले असतात, एरवी बरोबर घरी येणारा कुत्राही चुकतो. साचलेल्या पाण्यात तोंड घालू दिलं नाही, घरी आल्यावर पंजे धुतले. काकांचे मासे सगळे वाचले, काकांचा खांदा मात्र महिनाभर दुखत होता.

मोगरा परत बाल्कनीत गेला, त्याच जागी. खालची पानं पिवळी पडून कडा जळल्यासारख्या झाल्यात. आल्यागेल्याने विचारलं तर आई सांगते, वादळाच्या वाऱ्याने करपला. मी काही बोलत नाही. गुंड्या रोज सकाळी बाल्कनीच्या दाराशी जाऊन बसतो, आई कुंडीसमोर खुर्ची आडवी लावते, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहतात.