गोठ्याची भोके

गेल्या रविवारी सांवेरच्या वाटेवरच्या आमच्या शेतावर जेवणे झाल्यावर सगळे आडवे झाले आणि मी, झोप येत नाही ही सबब सांगून, जुन्या विटांच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले. मला भिंतीच्या विटा मोजण्याची खोड आहे; इंदुरात बँकेच्या रांगेतही ती सुटत नाही.

राहते घर मातीचे आणि गोठा मात्र पक्क्या विटांचा, याचे पाहुण्यांना नवल वाटे. पण गोठ्याच्या माळ्यावर वर्षाचा गहू असे आणि मातीची भिंत उंदीर पोखरतात, एवढाच साधा हिशेब त्यामागे होता. एक थर उभ्या लांबीचा, त्यावरचा आडव्या विटांचा, मध्ये चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. चुन्याचा सांधा तिच्याबरोबर थोडा हलतो, म्हणून गोठा उभा आहे, आणि शेजारची सिमेंटची पंपाची खोली दोन वर्षांत तडकली. तो चुना मळणाऱ्या घाण्याचे गोल दगडी चर अंगणात अजून आहे. त्यात आता कोंबड्या पाणी पितात.

जमीन मात्र मुद्दाम मातीचीच ठेवलेली. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदुरात राहून कंपोस्टची जी 'इंदूर पद्धत' बसवली, तीत शेणाइतकेच महत्त्व गोमूत्र मुरलेल्या गोठ्याच्या मातीला होते. आजोबांनी हॉवर्ड वाचले होते की नाही, ठाऊक नाही. ते माती खणून उकिरड्यावर टाकीत आणि नवी पसरीत, हे मी पाहिले आहे.

भिंतीत जागोजागी अर्धी वीट वगळून भोके ठेवलेली आहेत, कारण ओलसर चारा कोंडला की आतून तापतो. दुपारी त्यांतून उन्हाचे ठिपके कडब्यावर पडत आणि सरकत. ते तिसऱ्या गव्हाणीशी पोचले की चहाची वेळ झाली असे आम्ही मानीत असू. सोयाबीन आणि ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले, गव्हाणीत आता फवारणीचा पंप आहे. ठिपके अजून सरकतात.

मी भोके मोजली, ३६ भरली. लहानपणी माझ्या हिशेबाने ती ३८ होती. दोन कुणी बुजवली असतील, किंवा तेव्हा मला नीट मोजता येत नसेल.