ढग पुसला, सावली राहिली

खरिपाच्या पिकांचा नकाशा करताना पहिली चूक उपग्रहाची दृश्यं (त्याने टिपलेली चित्रं) निवडतानाच होते. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या दृश्यांच्या यादीला ‘ढग २० टक्क्यांपेक्षा कमी’ अशी चाळणी लावली की जुलै-ऑगस्टचं जवळजवळ काहीच हाती लागत नाही. तो टक्का सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद अख्ख्या टाइलचा, म्हणजे दृश्याच्या ठरावीक चौकोनाचा, असतो. टाइल ८० टक्के झाकलेली असली तरी तुमचा तालुका उघडा असू शकतो. म्हणून चाळणी ८०-९० वर ठेवा आणि ढग पिक्सेलवार काढा.

एससीएल थरात (प्रत्येक पिक्सेल कशाचा आहे हे आकड्याने सांगणाऱ्या, दृश्यासोबत येणाऱ्या थरात) ८, ९, १० हे ढगांचे वर्ग आणि ३ सावलीचा. हे चार वगळून लोक थांबतात, पण खरा घात ढगाच्या विरळ कडा करतात. समजा, सोयाबीनच्या शेताचं परावर्तन लाल पट्ट्यात ०.०४ आणि निकट-अवरक्तात (डोळ्यांना न दिसणाऱ्या पट्ट्यात) ०.४० आहे. एनडीव्हीआय, म्हणजे या दोन्हींतला फरक भागिले बेरीज असा हिरवाईचा निर्देशांक, आला ०.८२. पातळ ढगाने दोन्हींत ०.०८ ची भर घातली की ०.१२ आणि ०.४८, म्हणजे एनडीव्हीआय ०.६०. पीक आहे तसंच आहे, आकडा मात्र कोसळला. पीकविम्याच्या कामात हा आकडा दिशाभूल करतो. त्यामुळे मास्क (वगळायच्या पिक्सेलांचा थर) चहूबाजूंनी १००-२०० मीटर वाढवाच, चार चांगले पिक्सेल गेले तरी चालतील.

सावली कुठे पडेल हे महिन्यावर ठरतं. डिसेंबरात सकाळी उपग्रह जातो तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो. दोन किलोमीटर उंचीवरच्या ढगाची सावली वायव्येला, साधारण दोन किलोमीटरवर पडते. जूनअखेर महाराष्ट्रात सूर्य बराच माथ्यावर आणि पूर्वेच्या किंचित उत्तरेला असतो. त्याच ढगाची सावली मग पश्चिमेला, जराशी दक्षिणेकडे, पाऊण किलोमीटरवर येते. ढगावरून सावलीची जागा काढणारी हिवाळ्यातली स्क्रिप्ट तशीच चालवली तर चांगली शेतं पुसली जातात आणि सावलीतली राहतात. सूर्याचा दिगंश (दिशेचा कोन) दर दृश्याच्या मेटाडेटातूनच, म्हणजे सोबतच्या माहितीतूनच, घ्या.

कोकणातल्या भाताला एवढ्यानेही भागत नाही. चिखलणी केलेली खाचरं इतकी काळी दिसतात की एससीएल त्यांना कधी सावली समजतं, आणि ऐन लावणीत आठवडेच्या आठवडे उघडीप नसते. तिथे सेंटिनेल-१ चं रडार घ्या, त्याची ५.६ सेंटिमीटरची लहर ढगातून आरपार जाते. पाणी साचलेल्या खाचरात व्हीएचचा (उभी लहर पाठवून आडवी टिपलेल्या परतलहरीचा) आकडा खाली बसतो आणि रोपं फुटवे धरू लागली की चढतो. त्या तळावरून लावणीचा आठवडा काढता येतो. व्हीव्हीवर (पाठवलेली आणि टिपलेली दोन्ही उभ्या) एकट्याने विसंबू नका, वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या की तो वाढतो. आणि मालिका एकाच कक्षेची ठेवा. चढत्या-उतरत्या (उत्तरेला जाणाऱ्या आणि दक्षिणेला जाणाऱ्या) फेऱ्या मिसळल्या तर सह्याद्रीच्या उतारांवर दिसणारा बदल पिकाचा नसतो, पाहण्याच्या बाजूचा असतो.