उपग्रहाला शिरोलीची चिमणी दिसते का?

परवा चहाला बसलो होतो तर मोल्डिंगच्या पोरानं विषय काढला, "काका, आता वरनं उपग्रह बघतोय म्हणं कुणाचा किती धूर हाय त्ये. खरं हाय का?" मी फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्याच्या, सॅन्ड लॅबमध्ये, दिवसभर साच्यांच्या वाळूची ओल नि ताकद मोजतो. मोजण्याचा विषय निघाला की मला राहवत नाही.

खरं आहे, पण अर्धं. युरोपचा सेंटिनेल-५पी ऑक्टोबर २०१७ मध्ये वर गेला. त्यावरचं ट्रोपोमी यंत्र धूर आपल्या डोळ्यांसारखा बघत नाही. जमिनीवरून परतणाऱ्या उन्हातला कुठला प्रकाश वाटेत गिळला गेला, ते बघतं. नायट्रोजन डायऑक्साइड निळा-जांभळा खातो, सल्फर डायऑक्साइड अतिनील. त्यावरून हवेत कुठला वायू किती, याचा हिशेब लागतो. नकाशे फुकट आहेत, कुणीही उघडावेत.

मी उघडले. त्या नकाशातला एक ठिपका साधारण साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा! कोल्हापूरजवळची आमची शिरोली एमआयडीसी आणि तिला लागून जाणारा पुणे-बेंगळुरू हायवे एकाच ठिपक्यात. कुपोलाचा, म्हणजे कोळशावरच्या भट्टीचा, वायू कुठला आणि ट्रकचा कुठला, कसं सांगणार? त्यात उपग्रह येतो दुपारी दीडच्या सुमारास. रात्रीच्या विजेला सवलत होती तेव्हा आमच्याकडं हीट (वितळलेल्या धातूचे घाणे) रात्रीच निघायच्या. ऊनच नाही तर मोजणार काय? पावसाळ्यात ढगांमुळं तर बोलायलाच नको.

आणि फौंड्रीचं खरं दुखणं म्हणजे धूळ. शेकआउटला साचा फोडला की काळी, गरम वाळू अशी उडते की समोरच्या माणसाचे फक्त दात दिसतात. ती वरनं कुणाला दिसायची?

मोठ्या धेंडांना मात्र ही युक्ती बरोबर पकडते. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी ऑरा या जुन्या उपग्रहाच्या नोंदींतून सल्फर डायऑक्साइडची ३९ मोठी ठिकाणं शोधली, जी कुठल्याच यादीत नव्हती. त्यातली बरीच पर्शियन आखाताच्या बाजूची. आपल्याकडं २०१४ पासून साखर कारखाने, डिस्टिलरीसकट १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर ऑनलाइन मीटर लावायला सांगितलं. पण मीटर कारखान्याचाच. औष्णिक वीजकेंद्रासारख्या प्रचंड चिमणीवर मीटरच्या आकड्याला उपग्रहाचा आकडा लावून बघता येतो, हे मला फार आवडलं.

आमच्यासारख्या छोट्या फौंड्रीला मात्र शिडी चढून चिमणीच्या भोकात नळी घालून धुराचा नमुना घेणारा माणूसच लागतो. मागं मी एका ठिकाणी होतो, तिथं तो कधी येणार हे आठवडाभर आधी ठाऊक असायचं. त्या दिवशी भट्टीत तेलकट स्क्रॅपचा तुकडा पडायचा नाही, अगदी निवडून माल. त्यानं न सांगता यावं, आणि मेल्टिंग चालू असताना यावं. पोराला सांगितलं, उपग्रहाचं सोड, आधी मास्क नाकावर ओढ.