नवतप्यात ध्वनीचा वेग: दुसरी मोजणी

काल दुपारी तीनला कूलर बंद केला, खिडक्या लावल्या आणि पाण्याच्या ड्रममध्ये पीव्हीसीचा मीटरभर पाइप उभा धरला. तोंडाशी मोबाइल, त्यावर 512 हर्ट्झचा सूर. खोलीत 42 अंश. जानेवारीत पहाटे 14 अंशांवर याच पाइपने 340 मीटर प्रति सेकंद दिले होते, आणि हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, म्हणून नवतप्याची, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांची, वाटच पाहत होतो.

पाइप सावकाश वर घ्यायचा. पाण्यावर 15.9 सेंमी हवा मोकळी झाली आणि बारीक सूर एकदम भरून आला, जणू खोलीत दुसरं कुणी गायला लागलं. रबरबँड तिथेच सरकवला. मग आवाज विरला, आणि 50.4 वर पुन्हा भरला.

पहिल्या जागेची हवा म्हणजे पाव तरंगलांबी. नुसत्या तिच्यावरून वेग काढला तर 326 येतो, जानेवारीपेक्षाही कमी! नवीन मंडळींनी इथे घाबरू नये. लहर पाइपच्या काठावर संपत नाही, व्यासाच्या साधारण 0.3 पट बाहेर जाते, माझ्या 4.6 सेंमी व्यासाला ते 1.4 सेंमी होतं. दोन जागांची वजाबाकी केली की ही भानगड मिटते. उरले 34.5 सेंमी, म्हणजे अर्धी तरंगलांबी. दुप्पट करून 512 ने गुणलं की वेग 353.3.

पण तापमानावरून वेग काढायचं सूत्र 42 अंशांना 356 सांगतं. तीनदा मोजलं, तेच. रात्री अंथरुणावर उलगडलं: थर्मामीटर भिंतीवर होता आणि सूर घुमत होता पाइपच्या आत! पाइप आतून ओला, ते पाणी उडताना हवा गार करतं. कूलर दुसरं काय करतो? आज थर्मामीटर दोऱ्याने आत सोडला. 38 अंश. सूत्राने 353.6. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

(उष्णतेने न्यूटनलाही चकवलं होतं. लहरीत तापमान स्थिर धरल्याने त्याचं उत्तर सुमारे 15 टक्के कमी आलं. दाबलेली हवा तापते हे लाप्लासने 1816 मध्ये हिशेबात घेतलं.)

अजून पूर्ण समाधान नाही. रबरबँड मिलिमीटरभर हलला तरी वेग एक मीटरने बदलतो. शिवाय वाफेचे रेणू हवेपेक्षा हलके, त्यामुळे दमट हवेत वेग किंचित वाढतो. तेही धरायचं आहे. म्हणून आता पाणीच नको. काठीला लाकडी दट्ट्या बसवून कोरड्या पाइपमध्ये सरकवणार, नवतपा सरायच्या आत.