आमची वाटचाल : पाठवणीलाच अडकणारी डिस्क

बार्शीत आमचा स्टुडिओ 1998 पासून आहे. रोलचा कॅमेरा, एक सेकंडहँड एम-9000 व्हिडिओ कॅमेरा आणि उधारीवर घेतलेले दोन हॅलोजन, एवढ्यावर सुरुवात. शूटिंग मेव्हणे करायचे, फोटो मी. पुढे ते गावी शेतीकडे परतले, मग दोन्ही मीच करू लागलो. या धंद्यात सगळ्यांचं असंच असतं, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते 2009 च्या उन्हाळ्याचं.

तेव्हा फोटोंचा स्लाइडशो डीव्हीडीवर द्यायची पद्धत पडली होती. गिऱ्हाईक त्याला ‘फोटोंची कॅसेट’ म्हणायचं, आणि आम्हीही तेच म्हणायचो. साखरपुडा, हळद, लग्न मिळून 700 फोटो. एका फोटोला 6 सेकंद धरले तर 70 मिनिटं. रात्री प्रोशो या स्लाइडशोच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडरला, म्हणजे फोटोंचा व्हिडिओ बनवायला लावायचं, सकाळी नीरो या सॉफ्टवेअरवरून राईट मारायचं, म्हणजे डिस्कवर लिहायचं, वर नवरानवरीचा गोल स्टिकर चिकटवला की माल तयार. भारनियमन सांभाळायला यूपीएस घेतला होता, कारण राईट चालू असताना लाईट गेली की डिस्क गेलीच. अशा डिस्का आमच्याकडे चहाच्या कपाखाली पुष्कळ होत्या.

अक्षय्य तृतीया झाली आणि दिलेल्या डिस्का परत यायला लागल्या. 30 दिल्या होत्या, 14 परत. काहींच्या टीव्हीवर नुसतंच ‘नो डिस्क’. बाकीच्या सगळं नीट दाखवायच्या आणि नेमक्या पाठवणीला अडकायच्या. नवरी आईच्या गळ्यात पडलेली आणि चित्र तिथंच गोठलेलं. एका मावशींनी तर दुकानात येऊन विचारलं, ‘‘काही अशुभ तर नाही ना ओ?’’

माझ्या कॉम्प्युटरवर मात्र प्रत्येक डिस्क चालायची. तिथंच मी फसलो. गिऱ्हाइकांना म्हणत राहिलो की तुमचा प्लेअर खराब आहे.

समोरच्या दुकानाला आयतंच फावलं. ते दुकान आमच्याकडे चार वर्षं हॅलोजन धरलेल्या पोराचं. नाव घेत नाही, बार्शीकरांना माहीत आहे. जाताना आमचे सगळे बॉर्डर आणि टेम्प्लेट घेऊन गेला, त्याबद्दलही मी कधी बोललो नाही. पण त्यानं ‘त्यांच्या डिस्का बोगस’ हे मंगल कार्यालयाच्या मॅनेजरपर्यंत पोचवलं. जूनच्या पाच सुपाऱ्या एका आठवड्यात फिरल्या. तीन घरांनी उरलेले पैसे दिले नाहीत, एकानं अल्बमसुद्धा परत आणून टाकला. बायकोच्या पाटल्या तारण ठेवून आम्ही लॅबचं बिल भागवलं.

या सगळ्यात एक माणूस रागावून गेला नाही. गिरणीवाले अण्णा. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न आम्हीच केलं होतं. एका संध्याकाळी ते आपला प्लेअर टॉवेलात गुंडाळून घेऊन आले आणि काउंटरवर ठेवला. ‘‘तुझ्या मशिनवर चालते म्हणतोस. आता मी काय रोज तुझ्या मशिनवर बघायला येऊ का रे? घे, हा राहू दे तुझ्याकडं. यावर चालव.’’

तीन रात्री तो प्लेअर आणि मी. एकच स्लाइडशो 16, 8 आणि 4 पट स्पीडनं राईट केला. एकेक डिस्क स्टिकर लावून, एकेक बिनस्टिकरची. 16 ची स्टिकरवाली पाठवणीला अडकली. 4 ची बिनस्टिकरची शेवटपर्यंत गेली.

कारण कळलं तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. 70 मिनिटं 8 एमबीपीएस बिटरेटनं, म्हणजे सेकंदाला 8 मेगाबिटनं रेंडर केली की 4.2 जीबी होतात, म्हणजे 4.7 ची डिस्क जवळजवळ कडेपर्यंत भरते. पाठवणी शेवटी, म्हणून ती कडेला. 16 ला लिहिताना स्पीड कडेलाच सर्वांत जास्त, म्हणून लिखाणही तिथंच कच्चं; आणि कागदी स्टिकर एवढासा जरी तिरका बसला तरी डिस्क फिरताना डुगडुगते, तीही कडेलाच जास्त. ‘नो डिस्क’चा आजार निराळाच निघाला. पुण्याहून तपकीर गल्लीतून आणलेल्या मालात कोऱ्या डिस्कांचे अर्धे स्पिंडल (गठ्ठे) प्लस आर जातीचे होते आणि आमच्या गिऱ्हाइकांचे जुने प्लेअर ते ओळखतच नव्हते. मायनस आर ही दुसरी जात लगेच घ्यायचे. नीरोत ‘व्हेरिफाय’ केलं की झालं असं मी समजत होतो. ज्या ड्राइव्हनं लिहिलं त्यानंच वाचून पास करायचं, म्हणजे स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा.

चौदाच्या चौदा डिस्का फुकट बदलून घरपोच दिल्या. तेव्हापासून 4 चा स्पीड, बिटरेट 6, स्टिकर बंद, नाव मार्करनं मधल्या पारदर्शक गोलाजवळ, आणि अण्णांच्या प्लेअरवर चालल्याशिवाय एकही डिस्क दुकानाबाहेर नाही. अण्णांनी तो परत नेलाच नाही. त्यानंतरची आठ-नऊ वर्षं बरी गेली.

आजही कोणाला डीव्हीडीच हवी असेल तर ऐका. फोटोंच्या फोल्डरचं नाव मराठीत ठेवू नका, जुनी सॉफ्टवेअरं तिथंच बसतात. गाणी 44.1 किलोहर्ट्झची असतात, डीव्हीडीला 48 ची लागतात. आधीच बदलून घ्या. नवरानवरीची नावं पडद्याच्या कडेला नेऊ नका, जुना टीव्ही कड खातो आणि ‘चि. सौ. कां.’ मधलं ‘चि.’च गायब होतं. पैठणीचा जरीकाठ टीव्हीवर मुंग्या चालल्यासारखा लुकलुकतो, कारण पाल या टीव्ही पद्धतीचं चित्र 576 ओळींचं आणि तेही एकाआड एक ओळ काढून रंगवलेलं. आम्ही पैठणीचे फोटो मुद्दाम किंचित मऊ करायचो. शार्पनेस वाढवून देणाऱ्यांचे स्लाइडशो बघा म्हणजे कळेल. समोरचा वाढवूनच द्यायचा.

आता प्रोशो काढणारी कंपनीच 2020 मध्ये बंद झाली. लोक पेनड्राइव्ह मागतात, नाहीतर मोबाइलवर पाठवा म्हणतात. डिस्क येते ती जुनी, पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला. परवा एक ताई आल्या, 2010 चं लग्न. डिस्क समोरच्या दुकानाची, वर गुलाबी बदामातला स्टिकर, बॉर्डर आमची. त्याचं दुकान आता मोबाइल रिपेअरिंगचं आहे. ताई म्हणाल्या, ‘‘पाठवणीला अडकते ओ, आणि त्यात माझे वडील आहेत.’’

स्टिकर वाफेवर ओला करून सोलला. सीडीचा असा कधी सोलू नका, चंदेरी थर सोबत निघतो. डीव्हीडीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून हे जमतं. दोन ड्राइव्हनी नकार दिला. तिसऱ्यानं रात्रभर घासून घासून वाचली. ताईंच्या वडिलांचे सगळे फोटो निघाले, एक सोडून. दीडशे रुपये घेतले. डिस्क कुठली ते मी बोललो नाही, पण सोललेला स्टिकर काउंटरच्या काचेखाली लावून ठेवलाय, समोरून दिसेल असा.